काठावरचा ठोका

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन कार्बाइन बंदुका होत्या. वरच्या खुंट्यांवर खरी, खालच्या खुंट्यांवर वर्लिनची. वर्लिन स्ट्राउड म्हणजे माझा नवरा.

खरी म्हणजे त्याचा पणजोबा थेरन घोडदळातून सुटताना घेऊन आला ती. आखूड नळीची. हिच्या लाकडी दस्त्याच्या पोटात सात काडतुसं बसतात. खालची कडी पुढे लोटली की आतलं काडतूस बाहेर उडतं, मागे घेतली की नवं आत जातं. मग अंगठ्याने घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. थेरनने या खोऱ्यात पहिलं कुंपण घातलं तेव्हा ती त्याच्या खोगिराला लटकत होती, असं सगळे स्ट्राउड सांगतात. स्ट्राउड बरंच काही सांगतात, पण एवढं खरं असावं.

त्या बंदुकीची एकच खोड. तिचा ठोका काडतुसाच्या काठावर बसतो, आणि काठावर पेटणारी तसली काडतुसं माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीच दुकानांतून गेली. आताच्या काडतुसाची पेटणारी टोपी मधोमध असते. ते त्या बंदुकीत मावतं, पण पेटत नाही. म्हणजे बंदूक धडधाकट, पण मुकी. सासऱ्यांनी तिला भिंतीवर टांगलं आणि घरातल्या बायकांना हात लावायची बंदी केली. मुक्या बंदुकीला बायकांनी हात लावला तर काय बिघडणार होतं, ते त्यांनाच ठाऊक.

वर्लिनला मात्र बोलणारी हवी होती. आमच्या इकडे, मोंटानात, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टेकडीमागच्या घळीत माणसं पणजोबांच्या काळचे कपडे घालून जमतात आणि पोलादी पत्र्यांवर गोळ्या झाडतात. दंतवैद्य असो की ट्रकवाला, प्रत्येकाने एक खोटं नाव घ्यायचं, आणि एकाचं नाव दुसऱ्याने घ्यायचं नाही. वर्लिनचं ‘लंगडा पाद्री’ होतं. माझं त्याने मला न विचारता ‘कडू कॉफी’ असं नोंदवून टाकलं. मी तक्रार केली नाही. कॉफी कडूच असावी.

तर वर्लिन बिलिंग्जला गेला आणि त्याने इटलीत बनलेली नवी कार्बाइन आणली. थेरनच्याच धाटणीची, पण मधोमध ठोका मारणारी. मला म्हणाला, ‘‘स्वस्तात मिळाली.’’ मी म्हटलं, ‘‘स्वस्त म्हणजे गायीच्या किमतीत की वासराच्या?’’ त्यावर तो बाहेर जाऊन लाकडं फोडू लागला. तेव्हा मला कळलं, गाय.

बंदूक चांगली होती. पण नळीवर तिकडच्या कारखान्याची अक्षरं, तपासणीचे शिक्के, ‘फक्त काळी दारू’ असली ठळक सूचना. या खेळातल्या काही लोकांना ते शिक्के डोळ्यांत कुसळासारखे खुपतात. ते कानशीने घासून काढतात, वर जुने ठसे मारतात, लोखंडाला व्हिनेगर लावून म्हातारं करतात. वर्लिन त्यांतलाच निघाला. त्या हिवाळ्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि लोखंडाचा कीस जास्त होता. त्याने दस्त्याचं पॉलिश खरवडलं आणि लाकडाला तेल पाजलं. थेरनने चाकूने कोरलेली आपल्या नावाची दोन अक्षरं होती तशी कोरली. खेचराने लाथ मारून पाडलेला खळगासुद्धा हातोडीने पाडला. मग दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या.

‘‘ओळख.’’

‘‘डावी खरी.’’

‘‘चूक!’’ आठवडाभर तो शीळ घालत फिरला.

मी विचारलं, ‘‘उद्या तू गेलास तर मी कोणाला विचारू?’’

‘‘कोणाला कशाला? घोडा चढव, आत बघ. ठोकणारा खिळा मधोमध असला तर माझी, काठाला असला तर थेरनची.’’

‘‘मला जवळचं दिसत नाही.’’

‘‘चष्मा लाव.’’

‘‘चष्मा म्हाताऱ्या बायका लावतात.’’

‘‘मग वरची खरी आणि खालची माझी, एवढं तरी लक्षात ठेव,’’ असं म्हणून त्याने त्या टांगल्या.

पुढची नऊ वर्षं त्याची कार्बाइन आम्ही दोघांनी झाडली. एका शनिवारी तो, एका शनिवारी मी. काडतुसं मी भरायची, स्वयंपाकघरात, भाकरीच्या पिठाच्या मापाने. माझी गोळी त्याच्याहून जास्त लागायची, हे तो सोडून सगळे सांगत.

वर्लिन फेब्रुवारीत गेला. त्याचे बूट मी वाटले, टोप्या वाटल्या, पिकअप मुलीला, रोवीनाला, दिली. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू कवटाळून बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घराला वास येतो. मी एकच वस्तू ठेवली, खालच्या खुंटीवरची.

आता माझी नणंद. लिओटा, वर्लिनची थोरली बहीण, ऐंशी वर्षांची, ताठ. ती लहान असताना सासरे तिला म्हणाले होते, ‘‘थेरनची बंदूक तुझी हो पोरी.’’ मग वर्लिन जन्मला आणि ती त्याची झाली. लिओटाने ते चाळीस वर्षं माझ्यावर काढलं, जणू मीच वर्लिनला जन्म दिला होता. दर उन्हाळ्यात सगळे स्ट्राउड आमच्याकडे जमतात, आणि दर उन्हाळ्यात लिओटा त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसून उसासे टाकते.

या उन्हाळ्यात मी ठरवलं, देऊन टाकावी. मला त्या मुक्या बंदुकीचं काही जात नव्हतं, आणि माणसाचं तोंड बंद करायला देण्यासारखं दुसरं साधन नाही. माणसं यायच्या आधी मी खोली रंगवली. खुंट्या मीच काढल्या, मीच परत ठोकल्या, बंदुका मीच टांगल्या. हे सगळं मीच केलं. यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी अंगणात साठेक माणसं जेवत होती. मी वरच्या खुंटीवरची कार्बाइन काढली आणि पायरीवर उभी राहिले.

‘‘लिओटा, पुढे ये.’’

‘‘काय आता? भांडी घासायची आहेत?’’

‘‘ही घे. थेरनची. यापुढे माझ्या भिंतीकडे बघून उसासे टाकू नकोस, रंग उडतो.’’

लोक हसले. लिओटा हसली नाही. तिने बंदूक घेतली आणि त्या कोरलेल्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला.

‘‘चाळीस वर्षं लागली तुला द्यायला.’’

‘‘द्यायला एक मिनिट लागलं. तुलाच मागायला चाळीस लागली.’’

‘‘मी दर वर्षी मागत होते!’’

‘‘टोमणे मारत होतीस. टोमण्याला बंदूक मिळत नाही.’’

मग टाळ्या झाल्या. एका भाच्याच्या बायकोने डोळे पुसले. दोन-तीन माणसं येऊन मला म्हणाली, ऑर्फा, मन मोठं लागतं याला. मी म्हटलं, हो, लागतं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार होता. पाहुण्यांतले बरेच जण घळीत बघायला आले. मी लांब घागरा घातला, वर्लिनची कार्बाइन घेतली. तो गेल्यापासून मी ती झाडली नव्हती. ती पहिल्यांदा झाडायची तर सगळ्यांसमोर, असं मनात होतं. म्हणजे रडायची सोय राहत नाही.

त्या मैदानावर हॉयट हा मुख्य. पशुवैद्य आहे, आवाज बैलासारखा. नेमबाजाच्या खांद्यामागे घड्याळ घेऊन उभं राहणं त्याचं काम. बाजूला तीन माणसं गोळ्या मोजतात. काळ्या दारूचा धूर ढगासारखा येतो, पत्रा दिसेनासा होतो, म्हणून तिथला नियम असा की शंका आली तर नेमबाजाची बाजू घ्यायची. मोजणाऱ्याला चुकलेली पक्की दिसली तरच चुकली. नाहीतर लागली.

‘‘तयार, ऑर्फाबाई?’’

‘‘मी कधी तयार नसते?’’

घड्याळ वाजलं. मी घोडा चढवला, चाप ओढला. ठक.

नुसतं ठक. धूर नाही, धक्का नाही. मी थोडं थांबले. कधी कधी काडतूस आळशी असतं, उशिरा पेटतं. मग कडी लोटली, काडतूस उडून गवतात पडलं. पुन्हा ठक. पुन्हा कडी. मागे कोणीतरी खोकलं. सातही अशीच गेली, आणि समोरचे पत्रे ऊन खात तसेच उभे.

हॉयट हळू म्हणाला, त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं, ‘‘काडतुसं ओली झाली असतील.’’

‘‘माझी काडतुसं ओली होत नाहीत.’’

‘‘मग टोप्या जुन्या असतील.’’

‘‘टोप्या वसंतात आणल्यात. बंदूक बघ म्हणजे झालं.’’

त्याने मैदानाच्या रीतीप्रमाणे बंदूक उघडून दाखवली, रिकामी असल्याचं ओरडून सांगितलं. आत त्याने काहीतरी पाहिलं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याकडे बघून त्याने नुसती टोपी सारखी केली.

आमच्या खेळात एक रीत आहे. ज्याची पाळी झाली, त्याची काडतुसं बाकीच्यांनी वाकून वेचून द्यायची. पितळ पुन्हा भरता येतं, वाया घालवत नाहीत. चर्चचा खरा पाद्री आला तरी वाकतो. त्या दिवशी माझी काडतुसं वेचायला लिओटा वाकली. कोणी सांगितलं नव्हतं. ती गवतातून एकेक उचलून आली आणि माझ्यासमोर मूठ उघडली.

‘‘बघ.’’

‘‘काय बघू? न उडालेली काडतुसं आहेत.’’

‘‘चष्मा लाव.’’

‘‘नाही.’’

‘‘मग बोट फिरव, हट्टी बाई.’’

मी बोट फिरवलं. मधली टोपी गुळगुळीत होती. काठाला खळगा. दुसऱ्याला तसाच. तिसरं मी बघितलं नाही.

घोडदळातल्या थेरनची बंदूक माझ्या हातात होती आणि वर्लिनची लिओटाच्या गाडीत.

‘‘तुला कधी कळलं?’’ मी विचारलं.

‘‘पहाटे. रोवीनाकडून तुझी काडतुसं मागून घेतली, गोठ्यामागच्या लांबच्या कुरणात गेले. बाबांनी आयुष्यात हात लावू दिला नाही. म्हटलं, मुकी तर मुकी, एकदा भरून चाप तरी ओढू.’’ ती थांबली. ‘‘ती उडाली, ऑर्फा. मी पाठीवर पडता पडता राहिले.’’

‘‘आणि गप्प बसलीस.’’

‘‘गप्प कुठे? पुन्हा भरली. कुंपणावर डबे मांडले आणि पाडले.’’

‘‘वर्लिनची आहे हे कळलं होतं?’’

‘‘उडाली म्हणजे त्याचीच. मी काही मूर्ख नाही.’’

‘‘मग मला येऊन सांगायचं.’’

‘‘आणि तू? आत्ता बोट फिरवलंस. सांगणार आहेस का कोणाला?’’

तिथे मला एक सोय होती. सगळ्यांनी ठक ठक ऐकलं होतं, पण टोप्या जुन्या होत्या असं म्हटलं असतं तर साठ माणसांनी मान डोलावली असती. हॉयट बोलला नसता. लिओटा बोलली नसती, तिला हवी ती वस्तू तिच्याकडे होती. माझं नाव शाबूत राहिलं असतं. फक्त वर्लिनची बंदूक कायमची गेली असती, कारण सगळ्यांसमोर दिलेली वस्तू मागच्या दाराने परत मागता येत नाही. आणि सांगितलं असतं तर लोक म्हणणार होते, म्हातारीला बंदूक ओळखता येत नाही आणि दानशूरपणा करायला निघाली.

मी वळले.

‘‘ऐका सगळे. काल मी दिलेली कार्बाइन थेरनची नव्हती, वर्लिनने बनवलेली होती. थेरनची ही. टांगताना मी चुकले. लिओटा, ही घे आणि ती आण.’’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लिओटाने हात पुढे केला नाही.

‘‘मला ती नको.’’

‘‘चाळीस वर्षं डोकं खाल्लंस माझं!’’

‘‘एका काठीसाठी खाल्लं, ते आज पहाटे कळलं. माझ्याकडे आहे तीच ठेवते.’’

‘‘ती नक्कल आहे, लिओटा.’’

‘‘नक्कल? नकलेने डबे पाडले. तुझी अस्सल आत्ता काय करत होती? ठक, ठक. कोणाचं दार वाजवत होती गं?’’

आता मात्र लोक हसले. मीही हसले असते, पण फजिती माझी होती.

‘‘ती माझ्या नवऱ्याने घडवली. माझ्या टेबलावर.’’

‘‘माझ्या भावाने घडवली,’’ लिओटा म्हणाली. ‘‘त्याचे बूट तू वाटलेस. टोप्या वाटल्यास. मला काय दिलंस? सूप ढवळायचा चमचा.’’

‘‘चांदीचा होता!’’

‘‘चमचाच होता.’’

रोवीना मध्ये आली. ‘‘आई, आत्या, दोघींनी सहा-सहा महिने ठेवली तर...’’

‘‘तू गप्प बस,’’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो. रोवीना मागे सरली. ती बापावर गेली आहे.

मग मी म्हटलं, ‘‘झाडून ठरवू. त्याच बंदुकीने. सात पत्रे, सात गोळ्या. घड्याळ नको. जी जास्त लावेल ती वर्लिनची नेईल. हरेल तिला थेरनची.’’

‘‘आणि बरोबरी झाली तर?’’

‘‘बरोबरी झाली तर आहे तिच्याकडेच राहील. तुझ्याकडे.’’ मी ते घमेंडीत म्हटलं. बरोबरी व्हायची नव्हती. लिओटाने आयुष्यात हरणं खूप मारली होती, पण ही कार्बाइन तिच्या हातात फक्त एका सकाळची होती. माझ्या हातात नऊ वर्षांची.

हॉयटने टोपी मागे सारली. ‘‘मुलींनो, कानात बोळे घाला,’’ एवढंच म्हणाला. आम्हाला मुली म्हणणारा तो एकटाच उरला आहे.

गाडीतून वर्लिनची बंदूक आली. उजेडात दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा हॉयटनेसुद्धा दोनदा मान हलवली. खेचराच्या लाथेचा खळगा दोन्हींना होता.

आधी लिओटा. तिने शहरी पायताण घातलं होतं, ते काढलं आणि मोज्यांवर उभी राहिली. सावकाश झाडत होती, प्रत्येक गोळीनंतर धूर निवळायची वाट बघत. सडक्या अंड्यांचा तो वास आला, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. पत्रा टण्ण वाजायचा आणि ती म्हणायची, ‘‘हं.’’ चौथी गोळी पत्र्याखालच्या मातीत गेली, सगळ्यांनी पाहिली. बाकी सगळ्या लागल्या.

‘‘सहा,’’ हॉयट म्हणाला. तिन्ही मोजणाऱ्यांनी सहा बोटं दाखवली.

लिओटाने बंदूक दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. नळी गरम होती. मी काडतुसं भरली आणि उभी राहिले.

दस्ता गालाला लागला तसं कळलं की हीच. ती कळायला चष्मा लागत नाही. काल पायरीवर गालाला लावून बघितली असती तर हा तमाशा झाला नसता. पण देताना कोणी गाल लावत नाही.

मी भराभर झाडते. सहा पत्रे वाजले, एकामागे एक, आणि माझ्यासमोर पांढरी भिंत उभी राहिली. वारा पडला होता. शेवटचा पत्रा मला दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे माझ्या हाताला ठाऊक होतं. थांबले असते तर धूर गेला असता. लिओटा थांबत होती म्हणून मी थांबले नाही. चाप ओढला, आणि ओढतानाच नळी खाली गेली. मनगट थकलं होतं. त्याच वेळी शेजारच्या मैदानात कोणाचा तरी पत्रा टण्णकन वाजला.

धूर निवळला. पत्रा हलत नव्हता. पण असे पत्रे हलत नाहीतच. साखळीला टांगलेले नव्हते ते.

एक मोजणारा म्हणाला, ‘‘मला काही दिसलं नाही.’’ दुसऱ्यालाही दिसलं नव्हतं. तिसरी, मर्ना नावाची बेकरीवाली, म्हणाली, ‘‘वाजलेलं ऐकलं मी.’’

‘‘कोणाला चुकलेली दिसली?’’ हॉयटने विचारलं. कोणालाच नाही. ‘‘मग शंका, आणि शंका नेमबाजाची. सात!’’

रोवीनाने टाळ्या वाजवल्या. मागून शिट्ट्या आल्या. लिओटा मोज्यांवर उभी होती. तिने वाकून पायताण घातलं आणि थेरनच्या बंदुकीकडे हात नेला, तिची होती ती आता. तोंडावर काही नव्हतं. स्ट्राउडांच्या तोंडावर काही दिसत नाही, वर्लिनच्याही दिसायचं नाही.

मी बंदूक उघडून रिकामी दाखवली. दस्त्याची ऊब अजून गालावर होती.

‘‘सहा,’’ मी म्हटलं.

‘‘काय?’’ हॉयट म्हणाला.

‘‘शेवटची चुकली.’’

‘‘ऑर्फाबाई, आम्ही चुकली म्हटलं नाही म्हणजे ती लागली. तो नियम आहे.’’

‘‘नियम तुमच्यासाठी आहे. तुम्हाला शंका आहे. मला नाही.’’

लिओटा म्हणाली, ‘‘गप बस की. दिली तर घे.’’

‘‘काल एकदा न बघता दिलं. आज न बघता घेऊ?’’

‘‘मर्नाने ऐकली.’’

‘‘मर्नाला बेकरीत भट्टीची घंटा ऐकू येत नाही. पाव करपतात. ती शेजारची होती.’’

मर्नाने खांदे उडवले. पाव करपतात हे ती नाकारत नव्हती.

‘‘सहा-सहा,’’ हॉयट शेवटी म्हणाला. ‘‘बरोबरी.’’

मी बंदूक लिओटाला दिली. तिने घेतली, आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

‘‘आभार मानलेस तर थोबाडीत मारीन,’’ मी म्हटलं. तिने तोंड मिटलं.

संध्याकाळी निघताना तिने गाडीची काच खाली केली. ‘‘धुवायची कशी ही?’’

‘‘उकळतं पाणी आणि साबण. झाडली त्याच दिवशी. उद्यावर टाकलीस तर नळी आतून सडेल, आणि मी येऊन तुझ्या दारात उभी राहीन.’’

‘‘ये,’’ ती म्हणाली आणि गेली.

थेरनची कार्बाइन मी परत वरच्या खुंटीवर टांगली. जिच्यासाठी दोन बायका चाळीस वर्षं एकमेकींशी धड बोलल्या नाहीत, ती आता दोघींनाही नको होती. तिला तर ते माहीतही नसेल. खालच्या खुंट्या महिनाभर रिकाम्या राहिल्या. रोवीना म्हणाली तिथे घड्याळ लाव. मी म्हटलं, वेळ मला कळते.

सप्टेंबरात मी बिलिंग्जला गेले. दुकान तेच, दुकानदार तोच, पोट वाढलेलं. इटलीची तीच कार्बाइन काचेत होती.

‘‘वर्लिनचं ऐकलं,’’ तो म्हणाला. ‘‘वाईट झालं. काय सुंदर केली होती हो त्याने ती! तुम्हाला हवं तर इथे एक जण आहे आता. शिक्के काढून, जुने ठसे मारून देतो.’’

‘‘शिक्क्यांना हात लावू नको.’’

‘‘पण मग जुनी दिसणार नाही.’’

‘‘जुनी आहे एक घरी. बोलत नाही.’’

मी पिशवीतून चष्मा काढला. रोवीना माझ्यासोबत आली होती, तिने खिडकीबाहेर बघितलं, एवढी अक्कल तिला आहे. मी घोडा चढवून आत पाहिलं. खिळा मधोमध होता. मग नळीवरची सगळी अक्षरं वाचली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इटलीतल्या कुठल्या गावाचं नाव होतं. वर्लिनने ते घासून टाकायला पाच संध्याकाळी घालवल्या होत्या आणि मी तेव्हा ते एकदाही वाचलं नव्हतं.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार थंड होता, वारा चांगला. लिओटा साठ मैल गाडी चालवत आली. नवे बूट, जुन्या धाटणीची टोपी, काखेत वर्लिनची कार्बाइन. नळी आतून आरशासारखी स्वच्छ होती, मी आधी तेच पाहिलं. खोटं नाव तिने नोंदवलं होतं: ‘कडू कॉफीची नणंद’. हॉयटने ते तीनदा पुकारलं, पुकारायला मजा वाटते म्हणून.

तिच्या पाळीला मोजणाऱ्यांत मी होते. तिने आता थांबणं सोडलं होतं, माझ्यासारखी भराभर झाडत होती. ढगच ढग झाला. पत्रे वाजत गेले.

‘‘किती?’’ हॉयटने विचारलं.

पहिले दोघे म्हणाले, ‘‘सात.’’

‘‘सहा,’’ मी म्हटलं. ‘‘पाचवी डावीकडून गेली.’’

‘‘अगं धूर होता एवढा!’’ लिओटा ओरडली. ‘‘तुला कशी दिसली? शंका आली की नेमबाजाची बाजू!’’

‘‘शंका आली तर ना,’’ मी म्हटलं आणि तिची काडतुसं वेचायला वाकले.